सपाट जमीन धरून

६ मार्च

ठके,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता वजनकाट्यावरच्या कारकुनाकडून लिहून घेतला. लबाडी आहे, कबूल. पण आता उघडलंच आहेस तर चार ओळी वाच, मग खुशाल फाड.

पहिली बातमी अशी की मी सुरुंग सोडले. गेल्या वर्षापासून खाणीच्या फाटकाशी वजनकाट्यावर बसतो. ट्रक येतो, काटा हलतो, मी आकडा ओरडतो, कारकून लिहून घेतो. डोक्यावर पंखा आहे आणि मागितला की चहा येतो. सुरुंगात माझा जोडीदार गेला त्या दिवशी त्याच्या बायकोला बातमी सांगताना तू दारात उभी होतीस. नंतर मला म्हणालीस की अशी बातमी ऐकायला मी या घरात थांबणार नाही, सुरुंग ठेवा नाहीतर मला ठेवा. ते माझ्या पक्कं लक्षात आहे. उत्तर द्यायला सहा वर्षं लागली एवढंच. तू मास्तरीण आहेस, उशिरा दिलेल्या उत्तराचे अर्धे तरी मार्क देत असशील.

दुसरं म्हणजे एक काम आहे. कारकुनाची मुलगी अकरावीत आहे. तिला प्रक्षेप्य गती नावाचा धडा लागलाय. दगड फेकला की तो कुठे पडतो एवढं सांगायला इतकं अवघड नाव कशाला लागतं कोण जाणे. तिचे दोन प्रश्न अडलेत. मी म्हटलं, माझी मुलगी हेच शिकवते, तिच्या हातचा मळ आहे. तेवढंच मिरवून घेतलं.

एक. दगड सरळ वर उडाला आणि आठ सेकंदांनी सुटला तिथेच परत आला. सुटताना त्याचा वेग किती होता?

दोन. त्याच वेगाने दगड तिरपा सुटला तर जास्तीत जास्त किती लांब जाऊन पडेल? जमीन सपाट धरावी.

शेवटचं वाक्य तिच्या पुस्तकात आहे तसंच लिहिलंय. जरा घाई आहे. तिची परीक्षा आहे ना. नापास झाली तर फार वाईट होईल, तिला दुसरी संधी नाही. मला उगाच काळजी लागून राहिलीय, झोप नीट लागत नाही. वय झालं की दुसऱ्यांच्या पोरांचीही काळजी वाटायला लागते.

तुझ्या आत्याचे, आपल्या अक्काचे, गुडघे पूर्वीपेक्षा वाईट आहेत. तुझी आठवण काढते. एवढंच.

तुझा बाबा, वजनकाटेवाला


१७ मार्च

ठके,

कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये तीन ओळी. वेग सेकंदाला चाळीस मीटर. पंचेचाळीस अंशात सुटला तर एकशे साठ मीटर. हवेचा विरोध धरलेला नाही. कारकून म्हणाला, हे काय बिल आलंय का. मी म्हटलं, माझ्या मुलीचं पत्र आहे, ते असंच असतं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं. पुन्हा म्हणजे बऱ्याच वेळा.

एकशे साठ! अगं, जीव भांड्यात पडला. अक्काला संध्याकाळी वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, आता मला कुणी उचलून न्यायला नको. म्हणजे दवाखान्यात. तुझं पत्र आलं या आनंदानेच तिला चालता येईल, असं म्हणायचं होतं तिला. म्हातारं माणूस काय वाटेल ते बोलतं.

एक लहानशी शंका राहिली. ती हवा. धरली तर दगड आणखी लांब जातो का अलीकडे पडतो? मुलीला आपलं पक्कं हवंय. आणि तुमच्या पुस्तकातलं उत्तर कितपत विश्वासाचं असतं? म्हणजे एकशे साठ म्हटल्यावर त्याच्या पुढे माणूस निवांत बसू शकतो का? ती तसं विचारत नाहीये, मीच विचारतोय. या वयात मला नवीन शिकायची हौस आलीय असं समज.

कार्डावर आणखी जागा होती. तुझ्याकडे शाई कमी असेल तर पाठवतो.

बाबा


२९ मार्च

ठके,

या वेळी वर 'बाबा' लिहिलंस. पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला.

हवा धरली तर दगड अलीकडे पडतो हे कळलं. फार बरं वाटलं. आणि तू मे महिन्याच्या सुट्टीत येणार, काट्यावर माझ्या शेजारी बसून ट्रक मोजणार, हे वाचून तर काय करू आणि काय नको असं झालं. ये. पण आधी कळव हो. न कळवता येऊ नकोस. इथे धूळ फार असते, खोली झाडून ठेवायला हवी, शिवाय काट्याची जागा कधी कधी बदलतात. आधी कळव.

आता सुरुंग कोण लावतं असं विचारलं आहेस. एक नवीन माणूस आहे. नवीन म्हणजे तसा जुनाच, दुसऱ्या खाणीतून आलेला. फार सावध आहे. तीन शिट्ट्या दिल्याशिवाय हात लावत नाही. साहेब त्याच्यावर ओरडतात, भित्रा म्हणतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं त्याला तोंडावर म्हणतात. तो ऐकून घेतो. तुला आवडला असता. दिसायला मात्र काही खास नाही.

कारकुनाच्या मुलीने मला भंडावून सोडलंय. तिची शंका अशी. उत्तर एकशे साठ आलं आणि दगड प्रत्यक्षात एकशे पंचाहत्तरावर जाऊन पडला, असं होऊ शकतं का? मी तिला म्हटलं, तुझं मोजायचं चुकलं असेल. ती म्हणते, मोजलेलं नाही, नकाशावर रस्त्याखालची मोरी आहे आणि दगड मोरीच्या पलीकडच्या नाल्यात सापडला. पुस्तकात मोरी कुठून आली ते मला विचारू नकोस. हल्ली पुस्तकांत चित्रं असतात.

लवकर लिही. मी हल्ली पोस्टमनला इतक्या वेळा विचारतो की तो मला बघून सायकल दुसऱ्या रस्त्याने नेतो.

बाबा


८ एप्रिल

ठके,

तुझं पत्र काल आलं. जमीन सपाट असेल आणि वेग तोच असेल तर दगड एकशे साठाच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे प्रश्न लिहिताना काहीतरी सुटलंय, पुस्तकात आहे तसा शब्द न शब्द उतरवून पाठवा, असं लिहिलं आहेस. ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण काय सुटलंय ते मला माहीत आहे. मीच ते गाळलं आहे.

पुस्तक नाही. कारकुनाला मूलच नाही. सुरुंग लावणारा तो सावध माणूस मीच आहे. मी एक दिवसही काट्यावर बसलेलो नाही. तिथला पंखासुद्धा बंद असतो.

आता हे पत्र खाली ठेवू नकोस, हात जोडतो. माझा राग नंतर कर, पोटभर कर. आधी पुढचं वाच.

खाणीच्या खाली रस्त्याला लागून आठ घरांची ओळ आहे. शेवटचं घर अक्काचं. तू गेलीस तेव्हा आम्ही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगड काढत होतो. आता इकडच्या कड्यावर आलोय, घरांच्या बरोबर वर. सुरुंगाच्या आधी मी शिट्टी दिली की सगळी ओळ उठून रस्त्याच्या वळणापर्यंत जायची. अक्काला चालता येत नाही, म्हणून दोन ड्रायव्हर तिला खुर्चीसकट उचलून न्यायचे. आठवड्यातून दोनदा, सगळ्यांच्या देखत. ती म्हणायची, जिवंतपणी मढं नेल्यासारखं नेतात मला. एकदा खुर्चीचा पाय मोडला आणि ती रस्त्यावर पडली. तेव्हापासून म्हणायला लागली की आता मी उठणार नाही, लागू दे दगड, देव तारी त्याला कोण मारी.

साहेबांनाही घरं रिकामी करायचा कंटाळा आला होता, त्यात अर्धा दिवस मोडतो. ते मला म्हणाले, दगड घरापर्यंत जात नाही असं गणित करून सहीनिशी दे, मग लाल निशाण मोरीपाशीच लावू आणि घरांना उठवायलाच नको. मला वाटलं, बघावं तरी. सगळ्यात उंच उडालेल्या दगडाला घड्याळ लावलं तर आठ सेकंद भरले. पुढचं मला येईना. पुढचं येणारं माणूस मला एकच ठाऊक होतं आणि ते माझ्याशी बोलत नव्हतं.

डोंगर म्हटलं असतं, कडा म्हटलं असतं, तर तुला लगेच खाणीचा वास आला असता. म्हणून मी जमीन सपाट केली. एवढंसं वाक्य. मला वाटलं, त्याने काय बिघडतंय, दगड तो दगड. तुझं एकशे साठ आलं, अक्काचं घर दोनशेवर आहे, मी डोळे मिटून सही केली. तेव्हापासून शिट्टी झाली तरी घरांतून कुणी उठत नाही. गेल्या महिन्यात लहानसा बार उडवला आणि निशाणवाली बाई नाल्यातून दगड घेऊन आली. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बाबा, हा ऊन आहे अजून. मी तो खिशात घातला. कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून मला भीती वाटते, ठके. नेहमीची नाही. नेहमीची भीती मला चांगली ओळखीची आहे, ती बटण दाबेपर्यंत असते आणि मग जाते. ही जात नाही. जेवताना असते, अक्काच्या ओट्यावर बसलो की असते. ती बाहेर बसून शेंगा सोलते आणि मी वर कड्याकडे बघत राहतो.

खरा प्रश्न आता लिहितो. साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशावरून घेतलाय. कडा घरांपेक्षा साठ मीटर उंच आहे. अक्काची पुढची भिंत कड्यापासून आडवं अंतर धरून दोनशे मीटरवर आहे. दगडाचा वेग तू काढलास तोच, चाळीस. पंधरा तारखेला मोठा बार आहे, आजवरचा सगळ्यात मोठा. दगड घरापर्यंत येतो का?

मी साहेबांकडे गेलो होतो. सही परत द्या म्हटलं. ते म्हणाले, आधी गणित बरोबर होतं आणि आता चुकलं, असं कसं? चुकलंय तर बरोबर करून आण. मला ते येत नाही. अक्काला मी शपथ घातली होती की मी सुरुंग लावतो हे तुला कळू द्यायचं नाही. तिच्यावर रागावू नकोस.

उत्तराखाली काही लिहू नकोस हवं तर. नुसता आकडा पाठव.

बाबा


१५ एप्रिल, दुपारी, खाणीवरच्या खोपटातून

ठके,

ही चिठ्ठी निशाणवालीच्या हाती देतो आहे. तुझं उत्तर आलं नाही म्हणून सकाळपासून डोकं फिरलं होतं. मघाशी वरून पाहिलं तर बसमधून एक बाई पिशवी घेऊन उतरली आणि घरांच्या ओळीकडे चालायला लागली. चालणं ओळखलं. तुला पाहून आनंद व्हायला हवा होता. मी आधी कागद शोधला.

नीट ऐक. कड्यातली सुरुंगाची भोकं भरून झाली आहेत. काल संध्याकाळी मी घरोघर जाऊन सांगितलं होतं की उद्या सगळ्यांनी वळणापर्यंत जायचं. सगळे हो म्हणाले. त्या भरवशावर सकाळी कांड्या भरल्या आणि शिट्टी दिली. एक माणूस हलला नाही. निशाणवाली खाली जाऊन आली आणि सांगते, तुझ्या आत्याने सगळ्या ओळीला सांगून ठेवलंय की आमच्या ठकीने गणित केलंय, दगड इथवर येत नाही, ठकी आजवर कधी चुकलेली नाही. माझं कोण ऐकतंय? त्यांच्या लेखी म्हातारा घाबरट झाला आहे.

भरलेलं भोक रिकामं करता येत नाही. कांडी ओढायला गेलं तर ओढणाराही जातो. माझा जोडीदार तसाच गेला, तुला त्या वेळी पूर्ण सांगितलं नव्हतं. म्हणजे हा बार आज उडवावाच लागेल. आणि पलीकडे आभाळ भरून आलंय. डिटोनेटरच्या तारा जोडलेल्या आहेत. आभाळात वीज झाली तर ती माझ्या बटणाची वाट बघत नाही, बार आपोआप उडतो, घरात कोण आहे न् कोण नाही ते न बघता.

तुझं आत्तापर्यंत सुटलंच असेल ते गणित. दगड येत नसेल तर तसं लिही, मी तुझे पाय धरीन. येत असेल तर एक वाईट काम सांगतो. ओट्यावर उभी राहा आणि सगळ्यांना सांग की तुझं उत्तर चुकलं. चुकलेलं नाही, मला माहीत आहे. एक मार्क गेला म्हणून तू लहानपणी दोन दिवस जेवली नव्हतीस. तुझं उत्तर विचारलेल्या प्रश्नाला बरोबरच होतं. पण बाबांनी प्रश्न खोटा लिहिला हे समजावत बसलीस तर लोक शंका काढतील आणि आभाळ थांबणार नाही. तू चुकलीस म्हणालीस तर ते लगेच उठतील.

आणि तू स्वतः तिथे थांबू नकोस. आधी तू निघ.

बाबा


१५ एप्रिल, त्याच कागदाच्या पाठीवर

बाबा,

साठ मीटर उंची धरली तर दोनशे बारा. पंचेचाळीस अंशांना दोनशे सहा, पण उंचावरून सुटणारा दगड त्याहून थोडा खालच्या कोनात सुटला तर जास्त लांब जातो. सदतीस अंशांना दोनशे बारा. आत्याची भिंत दोनशेवर म्हणजे दोन्ही दगड घरातच येतात. हवा धरली तर थोडं कमी भरेल, पण तेवढ्यावर मी आत्याचा जीव ठेवणार नाही. शिवाय चाळीस हा तुम्ही पाहिलेल्या एका दगडाचा वेग आहे. न पाहिलेल्यांचा किती ते कुणाला माहीत नाही.

सांगितलं की माझं उत्तर चुकलं. सात घरं निघाली. एकजण म्हणाला, मग शाळेत काय शिकवता?

आत्या उठत नाही. म्हणते, तू कधी चुकत नाहीस, बापाने घाबरवलंय म्हणून खोटं बोलतेस. तिच्या पुढ्यात बसून सगळं गणित पुन्हा करते आहे. तिला न घेता मी निघणार नाही, त्यामुळे आधी तू निघ वगैरे पुन्हा लिहू नका.

बाहेर पडलो की कुंपणावर पांढरी चादर टाकीन. ती दिसल्याशिवाय बटणाला हात लावू नका. वीज झालीच तर त्याला इलाज नाही.

ठकी


१६ एप्रिल

ठके,

तू संध्याकाळच्या बसने गेलीस ते मी फाटकाआडून पाहिलं. पुढे यायचं धाडस झालं नाही. तू खाली होतीस तेव्हा वर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तुझी चिठ्ठी वाचली तेव्हा बसायला दगड शोधला. दोनशे बारा. मी सही केली होती एकशे साठावर. मधल्या बावन्न मीटरांत माझी बहीण शेंगा सोलत बसायची.

साहेब जीप घेऊन वर आले. आभाळ बघून तेही घाबरले होते, पण घाबरलं की ते ओरडतात. उडव म्हणाले. मी म्हटलं, चादर दिसत नाही. कसली चादर म्हणाले. मी खाली कुंपणाकडे बोट दाखवलं आणि चावी मुठीत घट्ट धरली. चावीशिवाय बटण चालत नाही. त्यांनी माझी मूठ उघडायला बघितलं. आम्ही दोन म्हातारी माणसं कड्यावर झोंबाझोंबी करत होतो, वर आभाळ गुरगुरत होतं, आणि निशाणवाली लांबून म्हणाली, साहेब, त्यांची पोरगी आहे खाली. मग त्यांनी माझा हात सोडला. जीपला टेकून उभे राहिले आणि तेही कुंपणाकडे बघायला लागले.

पहिली वीज चमकली तेव्हा मी डोळे मिटले. लांब होती. काही झालं नाही. दुसरी चमकली तेव्हा डोळे मिटायचंही सुचलं नाही. ठके, या धंद्यात मी खूप काही पाहिलं, पण रिकाम्या कुंपणाकडे बघत बसण्याएवढं वाईट काही पाहिलेलं नाही. मनात येत होतं, आत्ता उडालं तर तुझी बातमी मला कोण सांगायला येईल? तू सहा वर्षांपूर्वी जे ऐकायला नको म्हणून गेलीस ते ऐकायला आता मी उभा होतो. तेव्हा मला वाटायचं, पोरीने फार ताणलं. आता तसं वाटत नाही.

मग चादर पडली. आधी अर्धी, मग पुरती. खुर्ची वळणाकडे जाताना दिसली, एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला तू. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत थांबलो, तीन शिट्ट्या दिल्या आणि दाबलं.

बार उडाला की मी नेहमी वर बघतो, सगळ्यात उंच कोणता जातो ते. या वेळी तुझं वाचलं होतं म्हणून खाली बघितलं. एक दगड आडवाच सुटला. वर फारसा गेलाच नाही, नुसता लांब लांब जात राहिला. मोरीवरून गेला. नाल्यावरून गेला. मग पत्र्याचा आवाज आला.

मी धावत खाली आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात उभी होतीस. पत्र्याला भोक आणि खाली फरशीवर दगड, दोन मुठींएवढा. पाट उडून भिंतीला लागला होता. दुपारी अक्का त्या पाटावर बसते. वळणावर ती खुर्चीतून ओरडून विचारत होती की माझी भांडी फुटली का. मग तू वळलीस आणि म्हणालीस,

"बाबा, माझं चुकलं हे मी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या वेळी प्रश्न खरा लिहा."

तेवढंच बोललीस आणि निघून गेलीस. अक्का संध्याकाळी शेजारणीला सांगत होती, आमच्या ठकीचं दुसरं गणित अगदी घराच्या आत बसलं. मी ओळीतल्या सगळ्यांना जाऊन सांगितलं की चूक तुझ्या उत्तराची नव्हती, खोटा प्रश्न माझा होता. शाळेबद्दल बोलणारा तो माणूस मान खाली घालून बसला. साहेबांच्या टेबलावर माझा सहीचा कागद होता, तो मी फाडला.

मध्ये वाटलं, तुला लिहावं की आता खरंच सोडलं. लिहायला बसलोही होतो. तू विश्वास ठेवला असतास आणि मे महिन्यात आलीही असतीस. पण ते पुन्हा तसंच झालं असतं.

म्हणून खरं लिहितो. मी सोडलेलं नाही. सोमवारी कड्यावर भोकांची दुसरी रांग उडवायची आहे. बटण दाबताना माझा उजवा हात थरथरतो, म्हणून तो डाव्या हाताने धरावा लागतो. हे वर्षभर चाललंय आणि कुणाला माहीत नाही. रोज सकाळी शिट्टी गळ्यात घालताना मला ओकारी येते. मी नाही गेलो तर साहेब दुसरा माणूस आणणार आहेत. मी त्याला भेटून आलो. तरणा आहे, हात थरथरत नाही, आणि या घरांमध्ये त्याचं कुणी नाही. कुणी उठलं नाही तर किती वेळ थांबशील असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, शिट्टी दिली की आपलं काम संपलं. मी गेलो तर तू येणार नाहीस. नाही गेलो तर खाली अक्का आहे आणि वर तो.

सोमवारी जाऊ का नको, हे मला काढता येत नाही. या वेळी काही गाळलेलं नाही. तू काढ.

तुझा बाबा, सुरुंगवाला